इंडेक्समधून कीज ओळीने वाचताना मधल्याच गायब होतात, क्रम बिघडतो: सी मधलं नेहमीचं दुखणं

प्रॉब्लेम असा असतो. प्रोग्रॅम सी मध्ये आहे, डेटा बर्कली डीबी या डेटा साठवायच्या लायब्ररीच्या बी-ट्री फाइलमध्ये, म्हणजे कीज क्रमाने लावून ठेवणाऱ्या फाइलमध्ये आहे (एलएमडीबी ही तशीच दुसरी लायब्ररी असेल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं), कर्सर, म्हणजे एकेक रेकॉर्डवर पुढे सरकणारा काटा, उघडलाय आणि अमुक नंबरपासून तमुक नंबरपर्यंतच्या कीज ओळीने वाचायच्यात. शंभर-दोनशे रेकॉर्ड टाकून टेस्ट केली तर सगळं बरोबर चालतं. मग खरा डेटा येतो, ३०० ते ४०० मागितलं तर एकच रेकॉर्ड हातात येतं आणि लूप संपतो, एरर काही नाही. मग कोणी म्हणतं फाइल करप्ट झाली असेल, कोणी म्हणतं कॅश फ्लश झाली नाही, सिंक करून बघा, आणि अख्खा दिवस त्यातच जातो. माझे असे दिवस गेलेत, एकदा नाही तीनदा, आणि दर वेळी लक्षण सारखंच, "मधल्या कीज गेल्या कुठे?", पण मूळ दर वेळी वेगळं निघालं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय.

कोडला हात लावायच्या आधी एक काम करा. लूपमध्ये की चा नंबर छापताय ना, तो छापू नका, की चे बाइट छापा. डीबीटी (लायब्ररीला की किंवा डेटा ज्यातून देतो-घेतो तो स्ट्रक्ट) मधला साइझ घ्या, डेटाच्या पॉइंटरपासून तेवढे बाइट एकेक करून अनसाइन्ड कॅर म्हणून छापा, पहिल्या वीस कीजचे पुरेत. प्रोग्रॅम बदलायची सोय नसेल तर बर्कली डीबीसोबत डीबी_डम्प नावाची युटिलिटी येते, ती एक ओळ की ची आणि एक ओळ डेटाची अशी हेक्समध्ये काढून देते, तेवढ्यावरही काम भागतं. नंबर म्हणून छापलं तर तुम्हाला तुमच्या मनातला अर्थ दिसतो, इंडेक्सला मात्र अर्थ माहीतच नसतो, त्याच्याकडे फक्त बाइट असतात आणि तो त्यांच्यावरच रांग लावतो.

आता तो ३०० ते ४०० चा घोळ. बी-ट्रीमध्ये तुम्ही स्वतःचं कंपेअर फंक्शन दिलं नसेल तर कीज डावीकडून एकेक बाइट घेऊन तुलना केल्या जातात, पहिला बाइट लहान ती की आधी, सारखा असेल तर दुसरा बघायचा, आणि एक की दुसरीची सुरुवात असेल तर आखूड ती आधी. म्हणजे डिक्शनरीसारखं. आणि आपण काय करतो, ३२ बिटांचा इंट घेतो, त्याचा पत्ता की च्या डेटामध्ये देतो, साइझ ४ देतो आणि पुट करून मोकळे होतो. आपल्या टेबलावरची बहुतेक मशिन्स लिटल एंडियन, म्हणजे सगळ्यात हलका बाइट मेमरीत सगळ्यात आधी. मग बाइट असे पडतात (हेक्स न लिहिता साध्या दशमान आकड्यात लिहितोय):

१ → १ ० ० ०
२५५ → २५५ ० ० ०
२५६ → ० १ ० ०
३०० → ४४ १ ० ०
५५६ → ४४ २ ० ०

हे डिक्शनरीप्रमाणे लावा बरं. १ ते १००० नंबर टाकले असतील तर सगळ्यात पहिली की येते २५६, मग ५१२, मग ७६८, आणि त्यानंतर १, मग २५७, ५१३, ७६९, मग २, असं. ३०० वर कर्सर नेला तर तो बरोबर ३०० वरच बसतो, कारण ती की खरंच आहे, पण त्याची पुढची की ३०१ नसते, ५५६ असते, मग ८१२, मग ४५ आणि त्यानंतर कुठे ३०१. लूपमध्ये आपण लिहिलेलं असतं, की ४०० च्या वर गेली तर थांब. ५५६ दिसल्या दिसल्या तो थांबतो. एक रेकॉर्ड, एरर नाही, आणि लायब्ररीने काहीच चुकीचं केलेलं नाही.

टेस्टमध्ये हे का सापडत नाही ते पण बघा, कारण त्यामुळेच हा प्रॉब्लेम परत परत येतो. १ ते २५५ पर्यंत फक्त पहिला बाइट बदलतो, बाकी तिन्ही शून्य, त्यामुळे बाइटचा क्रम आणि नंबरचा क्रम एकच. २५६ वा रेकॉर्ड टाकला तेव्हा तो गुपचूप १ च्या आधी जाऊन बसतो. दोनशे रेकॉर्डची टेस्ट लाख वेळा चालवली तरी पासच होणार. आणि नुसत्या गेटने एकेक की शोधत असाल तर लाख रेकॉर्ड झाले तरी काही बिघडलेलं दिसत नाही, कारण शोधायला कुठलाही क्रम चालतो, फक्त तो कायम तोच पाहिजे. ज्या दिवशी रेंज लागते त्या दिवशी उघडं पडतं.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे की लिहितानाच बिग एंडियन, म्हणजे सगळ्यात जड बाइट आधी, करून लिहायची, ३२ बिटांना एचटीओएनएल हे तयार फंक्शन लावा, वाचताना त्याच्या उलटं एनटीओएचएल. ६४ बिट असतील तर आठ वेळा शिफ्ट करून बाइट स्वतः भरा, दहा ओळींचं फंक्शन होतं आणि मशीन कुठलंही असलं तरी उत्तर तेच येतं. मग ३०० ची की होते ० ० १ ४४ आणि ३०१ ची ० ० १ ४५, म्हणजे बाइटचा क्रम तोच नंबरचा क्रम. दुसरा उपाय सेट_बीटी_कंपेअर, म्हणजे स्वतःचं तुलनेचं फंक्शन द्यायचं, ओपनच्या आधी. बरेच जण हाच आधी सांगतात, मला तो तितका पटत नाही. कारण हे फंक्शन फाइलमध्ये साठवलं जात नाही, ते प्रत्येक प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी ओपनच्या आधी द्यायला लागतं, आणि एखाद्या छोट्या जोड-प्रोग्रॅममध्ये कोणी ते द्यायला विसरलं आणि त्यातून लिहिलं गेलं की झाडात दोन वेगवेगळ्या क्रमाने लावलेल्या कीज बसतात आणि मग खरंच करप्ट. शिवाय डीबी_डम्प करून डीबी_लोड केलं तर नवी फाइल डिफॉल्ट क्रमानेच बनते, डीबी_व्हेरिफाय ला तुमचं फंक्शन माहीत नसल्यामुळे तो क्रम चुकीचा आहे म्हणून ओरडतो, क्रमाची तपासणी बंद करायचा ऑप्शन द्यावा लागतो. बिग एंडियन कीजना यातलं काहीच लागत नाही. फाइल स्वतःच्या पायावर उभी राहते, उद्या दुसऱ्या भाषेतून उघडली तरी क्रम तोच.

निगेटिव्ह नंबर असतील तर नुसतं बिग एंडियन पुरत नाही. उणे १ चे चारही बाइट २५५ असतात, तो सगळ्यात शेवटी जाऊन बसतो. लिहिण्याआधी सगळ्यात वरचा बिट उलटा करा (एक्सॉर), मग बिग एंडियन, वाचताना उलट क्रमाने. तसं केलं तर उणे १ होतो १२७ २५५ २५५ २५५ आणि शून्य होतं १२८ ० ० ०, बरोबर मागेपुढे.

एलएमडीबी मध्ये यासाठी एमडीबी_इंटिजरकी असा फ्लॅग आहे, डेटाबेस पहिल्यांदा बनवतानाच द्यायचा, मग तो की ला मशीनच्या स्वतःच्या क्रमातला अनसाइन्ड इंट किंवा साइझ_टी समजतो आणि नंबरप्रमाणे लावतो. अट एकच, सगळ्या कीज एकाच मापाच्या. एका ठिकाणी ४ बाइट आणि दुसऱ्या ठिकाणी ८ बाइट लिहिले तर मग काय होईल ते मला विचारू नका, ते करूच नका.

आधीच लाखो रेकॉर्ड चुकीच्या क्रमात पडलेत, त्याचं काय? जुनी फाइल कर्सरने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, की बदला, नवीन फाइलमध्ये लिहा, आकडे जुळवा, मग नाव बदला. त्याच फाइलमध्ये, कर्सर चालू असताना जुनी की उडवून नवी टाकायचा मोह होतो, तो टाळा. नवी की कर्सरच्या पुढे कुठेतरी जाऊन पडते आणि थोड्या वेळाने कर्सर तिच्यापर्यंत पोचतो, मग तुमचा लूप तिला जुनी समजून परत उलटी करतो. आणि अर्धवट राहिलेली फाइल ओळखायला काही साधन नाही, ० ० ० १ हे बाइट म्हणजे नव्या पद्धतीचा १ का जुन्या पद्धतीचा १६७७७२१६, नुसतं बघून सांगता येत नाही.

आता दुसरं मूळ. इथे क्रम बरोबर असतो पण वाचन मध्येच थांबतं, कधी निम्म्यावर, कधी शेवटाला दहा-वीस बाकी असताना, आणि दर वेळी वेगळ्या जागी. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं कारण रिपोर्ट निघतो, दिसायला व्यवस्थित असतो, फक्त बेरीज कमी येते. आणि मूळ असतं लूपच्या अटीत. जवळजवळ सगळ्या उदाहरणांत लूप असा लिहिलेला असतो, जोपर्यंत कर्सरचा गेट शून्य परत देतोय तोपर्यंत चालू ठेव. शून्य नाही आलं म्हणजे कीज संपल्या असं आपण धरून चालतो. पण कीज संपल्याचा कोड वेगळा आहे, डीबी_नॉटफाउंड, आणि शून्य नसलेले बाकीचे कोडही आहेतच की. दुसरा थ्रेड त्याच पानांवर लिहीत असेल तर डीबी_लॉक_डेडलॉक येऊ शकतो, म्हणजे दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकले. लांबलचक वाचन एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करत असाल तर वाचलेल्या प्रत्येक पानाचं लॉक शेवटपर्यंत धरून ठेवलं जातं आणि लॉकचं टेबलच भरतं. आपला बफर दिला असेल (डीबी_डीबीटी_यूझरमेम) आणि मधलीच एखादी की त्या बफरपेक्षा लांब निघाली तर डीबी_बफर_स्मॉल. हे सगळे त्या अटीत "संपलं" म्हणूनच गिळले जातात.

म्हणून लूपच्या बाहेर आल्यावर पहिली ओळ हीच पाहिजे, परत आलेला कोड डीबी_नॉटफाउंड आहे का, नसेल तर डीबी_स्ट्रएरर ने छापा आणि अर्धवट निकाल पुढे जाऊ देऊ नका. एलएमडीबी मध्ये तेच एमडीबी_नॉटफाउंड आणि एमडीबी_स्ट्रएरर. एवढी एक ओळ आधी टाकली असती तर माझा दुसरा अख्खा दिवस वाचला असता, तेव्हा बफर ६४ बाइटचा होता आणि अकरा हजार कीजमधली एक की ७१ बाइटची होती. तिच्या पुढचं सगळं गायब.

डेडलॉक आला तर कर्सर बंद करा, ट्रान्झॅक्शन ॲबॉर्ट करा आणि परत सुरू करा, पण पहिल्यापासून वाचायची गरज नाही, शेवटची नीट वाचलेली की कॉपी करून ठेवलेली असेल तर डीबी_सेट_रेंज ने तिथेच जाता येतं. यात एक बारकावा आहे, सेट_रेंज ती की किंवा तिच्यानंतरची सगळ्यात जवळची की देतो, म्हणजे मधल्या वेळात ती की कोणी डिलीट केली असेल तर तुम्ही थेट पुढच्या कीवर उतरता. डोळे झाकून एक की सोडून पुढे गेलात तर न वाचलेली सुटेल, म्हणून आलेली की जपून ठेवलेल्या कीशी जुळते का ते बघा, जुळली तरच सोडा. आणि पूर्ण एकाच क्षणाचं चित्र नको असेल, नुसती यादी काढायची असेल, तर कर्सर डीबी_रीड_कमिटेड ने उघडा, मग तो पुढे सरकला की मागच्या पानाचं वाचनाचं लॉक सोडतो, लिहिणाऱ्या थ्रेडशी भांडण खूपच कमी होतं.

सेट_रेंजचा विषय निघालाच आहे तर, रेंजची पहिली की गायब होणं हे पण फार दिसतं. सेट_रेंजने कर्सर जागेवर नेला, त्याच कॉलमध्ये पहिली की हातात आलेली असते, पण आपण समजतो आत्ता फक्त जागा पकडली, आणि लूपची सुरुवात डीबी_नेक्स्ट ने करतो. पहिली गेली. मी फ्लॅगच व्हेरिएबलमध्ये ठेवतो, सुरुवातीला सेट_रेंज, लूपच्या शेवटी त्याचं नेक्स्ट करतो, कॉल एकच, मग विसरायला काही उरत नाही. याचीच उलटी बाजू, नव्या कर्सरवर थेट नेक्स्ट दिलं तर तो फर्स्ट सारखा वागतो आणि बरोबर चालतं, म्हणून लोकांना सवय लागते, मग तोच कर्सर दुसऱ्यांदा लूपला लावतात आणि काहीच येत नाही, कारण तो शेवटच्या कीवरच बसलेला असतो, नॉटफाउंड आलं म्हणून सुरुवातीला जात नाही. दुसऱ्या फेरीला डीबी_फर्स्ट द्या.

"अमुक पेक्षा लहान किंवा बरोबर असलेली सगळ्यात मोठी की" हवी असेल तर त्यासाठी वेगळा फ्लॅग नाही, सेट_रेंज करा, तीच की आली तर झालं, मोठी आली तर डीबी_प्रेव्ह, आणि नॉटफाउंड आलं तर डीबी_लास्ट. हा शेवटचा भाग सगळे विसरतात आणि सगळ्यात नवीन रेकॉर्ड विचारलं की "सापडलं नाही" येतं.

प्रिफिक्सने वाचताना, म्हणजे एका शब्दाने सुरू होणाऱ्या सगळ्या कीज, तिथे लूप थांबवायला मेमकम्प लावतात ते बरोबर आहे पण आधी साइझ बघा. की प्रिफिक्सपेक्षा आखूड असू शकते आणि मग मेमकम्प की च्या पलीकडची मेमरी वाचतो. तसंच स्ट्रिंग की छापताना सरळ पर्सेंट-एस वापरू नका, शेवटचा शून्य बाइट तुम्ही लिहिला असेल तरच तो तिथे असतो. एका प्रोग्रॅमने स्ट्रलेन एवढी लांबी लिहिली आणि दुसऱ्याने स्ट्रलेन अधिक एक, तर स्क्रीनवर दोन्ही कीज सारख्या दिसतात आणि इंडेक्ससाठी त्या दोन वेगळ्या कीज असतात. बाइट छापायला का सांगत होतो ते इथे कळतं.

दोन-तीन फील्ड जोडून केलेली की असेल तर स्ट्रक्टचा पत्ता सरळ देऊ नका. कंपायलर फील्डच्या मधे पॅडिंग, म्हणजे भरीचे बाइट, टाकतो, त्यात काय कचरा असेल सांगता येत नाही आणि तो कचरा पण की चा भाग होतो, मग आत्ताच लिहिलेली की सापडत नाही. फील्ड एकेक करून कॅर ॲरेमध्ये भरा, नंबर बिग एंडियन, आणि कमी-जास्त लांबीच्या स्ट्रिंगनंतर शून्य बाइट टाका, नाहीतर "अब" आणि "क" हे दोन फील्ड आणि "अ" आणि "बक" हे दोन फील्ड यांची की एकच होईल.

तिसरं मूळ मेमरीचं. लक्षण असं, लूपमध्ये छापलं तर सगळ्या कीज बरोबर, आणि ॲरेमध्ये गोळा करून नंतर छापल्या तर सगळीकडे शेवटचीच की, किंवा कचरा, किंवा थेट क्रॅश. डीबीटी ला कुठलाही मेमरीचा फ्लॅग दिला नसेल तर परत आलेला डेटाचा पॉइंटर लायब्ररीच्या स्वतःच्या मेमरीकडे असतो आणि त्याच कर्सरवर पुढचा कॉल केला की ती मेमरी परत वापरली जाते. आपण ॲरेमध्ये पॉइंटर ठेवत जातो, दहा हजार पॉइंटर, सगळे एकाच जागेकडे. साइझ एवढी मेमरी घेऊन मेमकॉपी करा, बस. किंवा डीबी_डीबीटी_मॅलॉक द्या आणि दर वेळी फ्री करा, किंवा डीबी_डीबीटी_रिॲलॉक द्या, तो तोच बफर वाढवत नेतो आणि शेवटी एकदाच फ्री करायला लागतो, लांब वाचनाला मला हाच बरा वाटतो. हँडल डीबी_थ्रेड ने उघडलं असेल तर या तिघांपैकी (यूझरमेम, मॅलॉक, रिॲलॉक) एक द्यावाच लागतो.

आणि डीबीटी वापरण्याआधी मेमसेटने शून्य करा, की चा आणि डेटाचा दोन्ही. हे न केल्यामुळे स्टॅकवरचा जुना कचरा फ्लॅग म्हणून वाचला जातो, मग एका मशीनवर चालतं, ऑप्टिमायझेशन चालू केलं की पडतं, असले प्रकार. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, तरी मी दुसऱ्यांचा कोड बघायला बसतो तेव्हा पहिल्यांदा हेच शोधतो आणि बऱ्याचदा सापडतं.

एलएमडीबी मध्ये पॉइंटर थेट मेमरी-मॅप केलेल्या फाइलमध्ये असतो, कॉपी नाही काही नाही, म्हणूनच ते वाचायला इतकं वेगवान आहे. तो पॉइंटर ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत किंवा त्या ट्रान्झॅक्शनमध्ये काही लिहीपर्यंत चालतो, त्यानंतर नाही. पण म्हणून वाचनाचं ट्रान्झॅक्शन तासन्‌तास उघडं ठेवू नका, ते जुनी पानं धरून ठेवतं, लिहिणाऱ्याला ती परत वापरता येत नाहीत आणि फाइल फुगत जाते. शिवाय पॉइंटर चार किंवा आठच्या हिशोबात जुळलेला असेलच असं नाही, त्यामुळे इंटचा पॉइंटर म्हणून कास्ट करून वाचण्यापेक्षा चार बाइट मेमकॉपी करून घ्या, काही प्रोसेसरवर ते कास्ट सरळ बस एरर देतं.

जीडीबीएम (अशीच आणखी एक लायब्ररी) वाल्यांसाठी वेगळं सांगावं लागेल. तिथे जीडीबीएम_फर्स्टकी आणि जीडीबीएम_नेक्स्टकी आहेत, नावावरून वाटतं ओळीने येतील, पण आत हॅश आहे, क्रम नाहीच. तुम्हाला क्रम हवा असेल तर कीज गोळा करून क्यूसॉर्ट करा किंवा बी-ट्री वापरा, तिसरा मार्ग नाही. बर्कली डीबी मध्येही डीबी_हॅश ने फाइल बनवली असेल तर हेच, सेट_रेंज तिथे साध्या सेट सारखा वागतो. आणि जीडीबीएम मध्ये लूप चालू असताना डिलीट केलं तर हॅश टेबल आतून हलतं आणि काही कीज कधी भेटतच नाहीत. उडवायच्या कीजची आधी यादी करा, लूप संपू द्या, मग उडवा. नेक्स्टकी ने दिलेली मेमरी फ्री करायची जबाबदारी आपली, पण जुनी की पुढची मागताना लागते, म्हणून पुढची हातात आल्यावर जुनी फ्री करा. बी-ट्रीच्या कर्सरला हा त्रास नाही, कर्सरच्याच डिलीटने उडवलं तर तो त्याच जागेवर राहतो आणि नेक्स्टने नीट पुढे जातो, फक्त डीबी_करंट मागितलं तर डीबी_कीएम्प्टी येतो, त्याला घाबरू नका.

एकच की चार वेळा येते अशी तक्रार असेल तर ते डुप्लिकेट आहेत, एका कीखाली अनेक डेटा. वेगवेगळ्या कीज फक्त हव्या असतील तर डीबी_नेक्स्ट_नोडप. सेकंडरी इंडेक्सवर (मूळ की सोडून दुसऱ्या फील्डवर बनवलेला इंडेक्स) हे सारखं होतं. तिथे अजून एक गैरसमज होतो, सेकंडरीवर साधा गेट केला तर सेकंडरी की आणि मूळ टेबलचा डेटा येतो, मूळ टेबलची की येत नाही, ती हवी असेल तर पीगेट. नुसत्या कीज पाहिजेत, डेटा नको, तर डेटाच्या डीबीटी ला डीबी_डीबीटी_पार्शल देऊन लांबी शून्य ठेवा, मोठे डेटा उगाच कॉपी होत नाहीत.

आपल्या लिपीतल्या कीज असतील तर हे पण वाचा. यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे, बाइटचा क्रम आणि युनिकोडच्या नंबरांचा क्रम एकच राहतो, त्यामुळे देवनागरी कीज बाइटने लावल्या तरी ठीकठाक रांग लागते. पण ती मराठी बाराखडीची रांग नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे, आपल्याकडे तो ह च्या नंतर येतो. म्हणजे "काळ" हा "कावळा" च्या आधी येणार. क्ष आणि ज्ञ तर वेगळी अक्षरंच नाहीत, ते क आणि ज च्या पोटात जातात. नुसतं शोधायचं असेल, प्रिफिक्सने वाचायचं असेल तर याने काही बिघडत नाही, पण वापरणाऱ्याला अकारविल्हे यादी दाखवायची असेल तर मूळ शब्दावर भिस्त ठेवू नका, क्रमासाठी वेगळी की तयार करून ती सेकंडरी इंडेक्समध्ये ठेवा.

आणि ज्यांनी यासाठी स्वतःचं कंपेअर फंक्शन लिहिलंय त्यांनी त्यातला कॅर अनसाइन्ड आहे का ते आत्ता बघावं. देवनागरी अक्षराचा पहिला बाइट २२४ असतो. साइन्ड कॅर मध्ये तो उणे ३२ होतो आणि इंग्रजी अक्षरांच्या आधी जातो. साधा कॅर एक्स-८६ वर सहसा साइन्ड असतो आणि एआरएम लिनक्सवर सहसा अनसाइन्ड, म्हणजे एका मशीनवर बनवलेली फाइल दुसऱ्यावर नेली, तोच कोड कंपाइल केला, आणि समोर असलेली की सापडेना. मेमकम्प बाइटना नेहमी अनसाइन्डच समजतो, त्याच्यावर सोपवलं तर हे होत नाही. तसंच नंबरची तुलना एकातून दुसरा वजा करून परत देऊ नका, मोठा अधिक आणि मोठा उणे आला तर ओव्हरफ्लो होऊन चिन्ह बदलतं.

हे सगळं तपासायला मी एक छोटा प्रोग्रॅम ठेवलाय, तुम्ही अर्ध्या तासात लिहाल. फाइल उघडायची, फर्स्टपासून नेक्स्ट करत जायचं, प्रत्येक की मागच्या कीशी तुमच्या अर्थाने ताडायची (नंबर असेल तर नंबर म्हणून), उलटा क्रम दिसला तर दोन्हीचे बाइट छापून थांबायचं, शेवटी कोड नॉटफाउंडच आहे ना ते बघायचं, आणि मोजलेल्या कीजचा आकडा डीबीच्या स्टॅट मधल्या बीटी_एनकीज शी जुळवायचा. टेस्टच्या डेटामध्ये १, २५५, २५६, २५७, ६५५३५, ६५५३६ हे नंबर घालाच, निगेटिव्ह चालत असतील तर उणे १ आणि शून्य, स्ट्रिंग असतील तर एक मुद्दाम खूप लांब आणि एक दुसरीची सुरुवात असलेली आखूड, आणि टाकताना उलटसुलट क्रमाने टाका. शेवटी आधी कर्सर बंद, मग डीबी बंद, उलटं केलंत तर तो प्रोग्रॅमच बंद होताना पडेल आणि तुम्ही नसलेला प्रॉब्लेम शोधत बसाल.